तपासणीचे शिंगाडे

मला शिंगाडा सोलता येत नाही. ढिवराची, मासे-शिंगाड्यावर जगणाऱ्याची, पोर असून येत नाही, म्हणून आमच्या मोहल्ल्यातल्या बाया अजूनही मला हसतात. काटा बोटात जातो, साल अर्धवट निघते आणि आतला पांढरा गर नखाखाली चिरडतो. यात माझा दोष थोडा आणि बाबांचा जास्त आहे. मी लहान असताना डोंगा काठाला लागला की बाबा तिथल्याच एका सपाट दगडावर बसायचे आणि ओल्या ढिगातून शिंगाडे निवडायचे. टपोरे असतील ते टोपलीत जायचे, विकायला. एखादा वाकडातिकडा निघाला की दोन्हीकडचे काटे अंगठ्याने मोडून ते तो सोलायचे. मग त्यांचा हात न बघताच माझ्याकडे यायचा आणि मी तोंड उघडायची. इतकी सोय असल्यावर कोण कशाला शिकेल?

तो तलाव शहराच्या टोकाला, तांदळाच्या मिलांच्या मागे आहे. जुना, मालगुजारांच्या काळातला तलाव. मिलांची काळी राख वाऱ्यावर उडून आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची आणि आई मिलवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तलावाच्या एका अंगाला शहराचा नाला येऊन मिळायचा. तेव्हा त्याचं कोणाला काही वाटत नसे. आंघोळीचं, धुण्याभांड्यांचं पाणी, त्यावर मासे चांगले पोसतात, असं जुनी माणसं सांगायची, आणि मासे खरंच पोसायचे.

आषाढात बाबा शिंगाड्याची लावण करायचे. वेलांची मोळी डोंग्यात टाकून छातीभर पाण्यात उतरायचे, एकेक वेल पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायचे आणि गुडघा वाकवून त्याचं मूळ तळाच्या चिखलात दाबायचे. हाताचं इथे काही कामच नाही. पाय वर घेतला की सांगायचे, इथे रेती आहे, इथे लोणी आहे. दिवाळीच्या आसपास घरात शिंगाडे उकडायचा वास सुटायचा. आईचा एक मोठा जर्मनचा गंज होता, बाहेरून काळा ठिक्कर पडलेला. त्यात शिंगाडे उकडून, टोपलीत भरून, वर ओलं पोतं टाकून ती बाजारात जाऊन बसायची. मला अजूनही कुठे ओल्या पोत्याचा वास आला की भूक लागते. याला उपाय नाही.

मी नागपूरला रसायनशास्त्र शिकत होते तेव्हा शिंगाडा बंद झाला. तोवर नाल्याकाठी बरीच दुकानं उभी राहिली होती. जुन्या बॅटऱ्या फोडून दुरुस्त करणारी, रेडिएटरचं झाळकाम करणारी, आणि नळांना, मोटरसायकलच्या भागांना मुलामा चढवणारी. दुकानं लहान होती आणि माणसंही पोटासाठीच राबणारी होती. त्यांचं उरलेलं पाणी नाल्यात जात होतं, आणि नाला कुठे जात होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. तलावातले मासे आणि शिंगाडे कोणीतरी तपासायला नेले. त्यात शिसं निघालं, क्रोमियम निघालं, आणखी एकदोन नावं निघाली जी बाबांना म्हणता येत नव्हती. काठावर पाटी लागली की इथले मासे आणि शिंगाडे खाऊ नयेत, विकू नयेत.

बाबांनी ती पाटी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. त्यांना वाचता येतं, तरी घेतली. मग म्हणाले, "मी जनमभर खाल्लो, मले का झाला?" मी त्यांना समजावलं की शिसं एकदम काही करत नाही, थोडं थोडं हाडांत साठत जातं, लहान पोरांना जास्त बाधतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि डोंगा ओढून काठावर पालथा घातला. तो तिथेच कुजला.

आई त्यानंतर दोनतीन वर्षांनी गेली, न्यूमोनियाने. त्याचा शिंगाड्याशी काही संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण बाबांना तशी शंका यायची आणि ते विचारत नसत. मीही आपण होऊन कधी सांगितलं नाही. एकदा दोनदा विषय तोंडाशी आला, पण घरात चहा उकळत असायचा, टीव्ही चालू असायचा आणि ते राहून जायचं.

मोहल्ल्यातल्या लोकांनी सडक अर्जुनी गावाच्या अंगाचा एक तलाव ठेक्याने घेतला. बाबाही एक हंगाम त्यांच्याबरोबर गेले आणि परत आले. तळ बरोबर नाही म्हणाले. सगळ्यांनी समजावलं, मी तर भांडलेही, की तळ तो तळ, त्यात बरोबर नसायला काय आहे? बाबा म्हणाले, पायाला ओळख पटत नाही. आणि राइस मिलवर पोती उचलायला लागले. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आरशात सोडून.

मग नाल्याच्या तोंडाशी सांडपाणी साफ करायचं केंद्र उभं राहिलं. आम्ही सगळे त्याला प्लांट म्हणतो. शहराचं पाणी आता आधी प्लांटमध्ये येतं आणि तिथून निघालेलं तलावात जातं. मला तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. लोक म्हणाले, नशीब काढलं. बाबा पहिल्या दिवशी मला सोडायला फाटकापर्यंत आले आणि बराच वेळ आत बघत उभे राहिले, तिथे मुलगी नांदायला निघाल्यासारखे.

लोकांना वाटतं, सांडपाणी साफ करणं म्हणजे घाण नाहीशी करणं. बरीचशी घाण खरंच नाहीशी होते. टाकीत हवेचे बुडबुडे सोडले की पाण्यातले जंतू ती खातात, वाढतात, मरतात. धातूचं तसं नाही. शिसं कोणी खाऊन संपवत नाही. ते एकतर गाळाला चिकटून बसतं, नाहीतर पाण्याबरोबर मुकाट पुढे निघून जातं. आमचं काम एवढंच की त्याला पाण्यातून काढून गाळात बसवायचं, आणि तो गाळ कोणाच्या पोटात जाणार नाही अशा ठिकाणी पोचवायचा. धातू संपत नाही, मुक्काम बदलतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात हे मला पाठ होतं. समजायला वेळ लागला.

पाण्यात चुना टाकला की धातूचे बारीक कण एकमेकांना धरतात आणि खाली बसतात. किती चुना टाकायचा ते दिवसागणिक बदलतं, म्हणून सकाळी काचेच्या भांड्यांत पाणी घेऊन, प्रत्येकात वेगळा चुना टाकून ढवळत ठेवायचं आणि बघत बसायचं. आधी नुसतं गढूळ दिसतं. मग दूध नासल्यासारखे पांढरे पुंजके दिसायला लागतात आणि सावकाश तळाशी उतरतात. चुना कमी पडला तर धातू बसत नाही. भीतीपोटी जास्त टाकला तर त्यातला काही धातू बसलेला उठतो आणि पुन्हा पाण्यात विरघळतो. मला हे फार आवडतं, का ते सांगता येणार नाही. आमच्या ऑपरेटरला मात्र ढवळणं बघत बसणारी मॅडम म्हणजे रिकामटेकडी वाटते. तो दारातून डोकावून सांगतो, "मैडम, आज पानी हरा आ रहा है," आणि मी समजते की मुलाम्याच्या दुकानाने आज टाकी धुतली. त्या दुकानदारांकडेही आम्ही जाऊन आलो. आपली घाण आपल्या दुकानातच साफ करा, नाल्यात सोडू नका, असं सांगितलं. त्यातला एक म्हणाला, आम्ही तर दोनच बादल्या टाकतो. सगळे दोनच बादल्या टाकत होते. आता त्यातल्या बऱ्याच जणांकडे स्वतःची चुन्याची टाकी आहे आणि पाणी हिरवं येणं बरंच कमी झालं आहे.

सगळ्यात शेवटी पाणी राखेच्या थरातून जातं. धानाच्या भुशाची राख, त्याच मिलांची. नीट जाळलेली आणि धुतलेली असली तर उरलंसुरलं शिसं ती धरून ठेवते. जिच्यापायी आईने जन्मभर शिव्या दिल्या, ती राख मी आता पोत्यांनी मागवते. पहिली गाडी आली त्या दिवशी ही गोष्ट आईला सांगायला मी अक्षरशः घरी जायला निघाले होते. फाटकापाशी लक्षात आलं आणि तशीच परत फिरले.

दर महिन्याला प्लांटमधून बाहेर जाणाऱ्या पाण्यातले धातू तपासतात. आणि दर महिन्याला बाबांना ते कसं कळायचं कोण जाणे. मी हातपाय धुऊन बसले की विचारायचे, "पानी साफ झाला का, माय?" आधी मी सांगायची, नाही. मग सांगायला लागले, होत आलं. हा प्रश्न ऐकून ऐकून मी वैतागायची. एकदा चिडून म्हणाले की मी काय धोबी आहे का, सारखं विचारता ते. बाबा हसले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं. आणि एका उन्हाळ्यात, सलग बरेच महिने पाणी चांगलं निघाल्यावर, मी म्हणाले, "झालं बाबा. पाणी साफ झालं."

त्यांचा चेहरा बघून मला लगेच पुढचं बोलावं लागलं. पाणी साफ आहे, पण इतक्या वर्षांचं शिसं तळाच्या गाळात बसलेलं आहे. शिंगाड्याचं मूळ गाळात असतं. गाळ तसाच आहे तोवर शिंगाडा नाही. बाबांनी विचारलं, सगळं गाळातच आहे का? मी म्हणाले, हो, गाळातच. मला वाटलं, समजले.

समजले होतेच. त्यांच्या पद्धतीने.

आमच्या भागात उन्हाळ्यात तलाव-बोड्या, म्हणजे लहानमोठी तळी, आटल्या की गाळ काढायची रीत आहे. ज्याच्या तलावाचा गाळ असेल तो हाक देतो, आजूबाजूचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतात, फुकट गाळ भरून नेतात आणि धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, पसरतात. तलाव खोल होतो, शेत पोसतं, दोघांचंही भागतं. त्यासारखं खत नाही हे इथे लेकराला कळतं. पाटी लागल्यापासून आमच्या तलावाचा गाळ कोणी काढला नव्हता. तो आता बाबांनी काढायला घेतला.

मी प्लांटवरून घरी येत होते तर तलावाच्या आटलेल्या अंगाला ही गर्दी. मोहल्ल्यातली माणसं, आमच्याकडच्या गोरेगावच्या रस्त्यावरच्या गावांतले शेतकरी, ट्रॉल्या, घमेली. एका झाडाखाली कोणीतरी सगळ्यांसाठी भात शिजवत होतं. आणि मधोमध, पोटऱ्यांपर्यंत काळ्या चिखलात, हातात फावडं घेऊन बाबा. आई गेल्यापासून त्यांना इतकं आनंदी मी पाहिलं नव्हतं. मला बघून तिथूनच म्हणाले, "गाळात हाय म्हनत होती ना तू? हे पाह्य, काढून रायलो."

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. आधी ट्रॅक्टर बंद करायला सांगितलं एवढं आठवतं. मग सांगितलं की हा गाळ शेतात टाकला तर शिसं शेतात जाईल आणि पुढे धानातही उतरेल. ज्या शेतकऱ्यांची ट्रॉली भरलेली होती ते खवळले. डिझेल जाळून आलो, दिवस मोडला, आणि ही आता गाळाला हात लावू देत नाही. आमच्या आजोबापणजोबांनी टाकला तेव्हा कोणी मेलं नाही, असंही एक जण म्हणाला. त्यांचं चुकत नव्हतं. त्या आजोबापणजोबांचा गाळ वेगळा होता, एवढंच.

बाबा चिखलातून वर आले. सगळ्यांसमोर, खालच्या आवाजात, त्यांनी मला विचारलं, "मंग न्यायचा कोठी?"

इतकी शिकलेली मी, रोज गाळाशीच काम करणारी; आमच्या प्लांटचा गाळ झाकलेल्या ट्रकमधून लांबच्या धोकादायक कचऱ्याच्या जागेवर जातो हे मला माहीत होतं. पण अख्ख्या तलावाचा गाळ उचलून नेणार कोण, हे मला ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, सध्या इथेच राहू द्या.

भरलेल्या ट्रॉल्या काठावर रिकाम्या झाल्या. एक मात्र आधीच गेली होती आणि शेतात पसरूनही झाली होती. बाबा त्या शेतकऱ्याच्या मागोमाग गेले. जमीनजुमला असलेला वयस्कर माणूस. बाबांनी त्याला हात जोडून सांगितलं आणि त्याच्या बांधीतला गाळ घमेल्याने खरवडून परत ट्रॉलीत भरला. मीही गेले. त्या माणसाने आम्हाला पाणी पाजलं आणि तो पाठ फिरवून बांधावर जाऊन बसला. झाडाखालचा भात तसाच राहिला. परत येताना ट्रॉलीत मागे, त्या गाळावरच, आम्ही दोघं बसलो होतो आणि बाबा दुसरीकडे बघत होते. तेव्हा मला वाटलं, हे सगळं शिक्षण, ही नोकरी, हे चुन्याचं पाणी नसतं तरी चाललं असतं. हा माणूस आज सकाळसारखा हसत राहिला असता. असं वाटणं बरोबर नाही हे मला कळतं. तरी वाटलं, आणि अजूनही कधी कधी वाटतं.

त्यानंतर बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं असं नाही. जेवायला वाढ म्हणायचे, मिलवरच्या गोष्टी सांगायचे. पाण्याचं विचारणं तेवढं बंद केलं. महिना भरला, तपासणी झाली, मी घरी येऊन हातपाय धुऊन मुद्दाम समोर बसले. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ज्या प्रश्नाला मी इतकी वैतागायची, त्याच्यासाठी आता कान टवकारून बसायची. एकदा तर मीच आपण होऊन सांगितलं की या महिन्यात पाणी फार चांगलं आलं. "बरं," म्हणाले.

काठावरच्या त्या ढिगावर आम्ही प्लास्टिक अंथरून घेतलं, आणि त्या ढिगामुळेच गोष्ट वरच्या साहेबांपर्यंत गेली. पुढे मशीन आली. सगळा तलाव काही झाला नाही. नाल्याच्या तोंडाशी जिथे सगळ्यात जास्त धातू बसलेला होता तेवढा कोपरा खरवडून, त्याचा आणि काठावरचा गाळ झाकलेल्या ट्रकांतून गेला. त्या कोपऱ्यात आता तळाला नुसती मूळची माती आहे आणि वर आमच्या प्लांटचं पाणी. तिथे शिंगाडा लावून बघायचं ठरलं. खायला नाही, तपासायला. कोपरा साफ निघाला तर उरलेल्या तलावाचंही तसंच करायला आधार मिळाला असता. लावणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा मी म्हणाले, माझ्या माहितीत एक माणूस आहे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "खायाचे नाइ ना?"

"नाही. बियाण्यापुरते सोडले तर सगळेच्या सगळे तपासायला जातील."

ते बराच वेळ पायाचा अंगठा जमिनीवर घासत बसले. मग म्हणाले, "वेल आनावं लागन."

वेल त्यांनी गोरेगावच्या पलीकडच्या एका बोडीतून आणले, ओल्या पोत्यात बांधून, एसटीने. कंडक्टरने पाणी गळतं म्हणून आरडाओरडा केला तर त्याला सांगितलं, सरकारी काम आहे. लावणीच्या दिवशी मी त्यांना गमबूट घालायला लावले. पायाऐवजी बांबूच्या दुबेळक्या काठीने वेल दाबायचा प्रयत्न झाला. दाबलेले वेल थोड्या वेळाने एकेक करून वर येऊन तरंगायला लागले, आणि बाबा माझ्याकडे बघत नुसते उभे राहिले. शेवटी त्या कोपऱ्यातली माती चांगली आली आहे, मी स्वतः पाहिली आहे, असं मनाशी म्हणून मी मान डोलावली. त्यांनी गमबूट काढून काठावर नीट जोडीने ठेवले. पहिला वेल अंगठ्यात धरून पाय खाली गेला आणि ते थांबले. मला वाटलं, काही टोचलं. पण ते डोळे मिटून उभे होते. बाहेर आल्यावर मी साबणाने पाय धुवायला लावले, तेव्हा म्हणाले, जनमभर या पाण्याने पाय धुतले, आता या पाण्याने भिजलेले पाय धुवायचे. आणि हसले. त्या ट्रॉलीनंतर पहिल्यांदा.

पहिल्या वर्षी मूठभर शिंगाडे आले. सालीत शिसं बरंच होतं, गरातही मर्यादेच्या वर. मी घरी येऊन सांगितलं. बाबांनी विचारलं, "पयल्यापेक्षा?" मी म्हणाले, पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी. "मंग लावू," म्हणाले. दुसऱ्या वर्षी आणखी उतरलं, अगदी रेषेपाशी आलं, पण रेषेच्या वरच. बाबांनी बियाण्याला ठेवलेल्या शिंगाड्यांचं पाणी बदललं आणि मडकं पुन्हा सावलीत ठेवलं.

आणि महिना भरला की ते पुन्हा विचारायला लागले आहेत, पानी कसा हाय. मी पुन्हा वैतागते. वैतागायला इतकं बरं वाटतं हे मला आधी माहीत नव्हतं.

यंदाचे शिंगाडे नुकतेच निघाले. तपासणीसाठी साल वेगळी आणि गर वेगळा पाठवावा लागतो. सोलताना सुरी चालत नाही, सुरीचा धातू लागतो. हातानेच सोलावं लागतं. मला येत नाही, हे वर सांगितलंच आहे. आधीच्या दोन्ही वर्षी बाबांनी प्रयोगशाळेतल्या टेबलावर, चार माणसांच्या देखत, शाळेतल्या मुलासारखे ताठ बसून सोलले होते. यंदा म्हणाले, तिथे माझा हात चालत नाही. म्हणून काठावरच्या त्या दगडावर मी स्वच्छ पांढरं प्लास्टिक अंथरलं, शिंगाडे शुद्ध पाण्याने धुतले, त्यांना पातळ हातमोजे दिले आणि दोन पिशव्या घेऊन शेजारी बसले.

ऊन पाठीवर होतं. मिलांचा आवाज येत होता. हातमोज्यांतही त्यांचा अंगठा तसाच चालत होता, काटा मोडला, साल दूर, गर एका पिशवीत, साल दुसऱ्या. बाबा आईचं काढून बसले. उकडताना ती गंजात मीठ किती टाकायची, आणि बाजारात पहिलं गिऱ्हाईक आल्याशिवाय पोतं वर करायची नाही, असं काहीबाही. मग सोलता सोलताच म्हणाले, "तुई माय याच्यानं त नाइ ना गेली?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "न्यूमोनियाने गेली. शिंगाड्याने नाही. मी नक्की सांगते."

त्यांनी मान हलवली. पुढचा शिंगाडा उचलला, मग त्याच्या पुढचा. आम्ही दोघंही तलावाकडे बघत होतो. पाणी निवळ होतं, वाऱ्याने वेलांची पानं उलटत होती, आणि मला वाटलं की आता कोणीतरी हाक मारेल, डोंगा ओढायला या म्हणून.

एक वाकडा निघाला. एक काटा आखूड, अंग मुरडलेलं. बाबांनी तो सोलला, आणि त्यांचा हात, तलावावरची नजर न काढता, माझ्याकडे आला.

मी तोंड उघडलं.

ओठांपासून वीतभर अंतरावर तो हात थांबला. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड तसंच उघडं होतं, चाळिशी गाठलेल्या बाईचं, आणि समोर तो ओला पांढरा गर, त्याचा वास मला येत होता.

"रिपोट येऊ दे, माय," बाबा म्हणाले.

मी पिशवी पुढे केली आणि त्यांनी तो आत टाकला.